प्रत्यक्ष भेट : खर्च की गुंतवणूक?

बंगळुरूच्या दक्षिण भागात जयप्रकाश नारायण यांच्या नावाने वसलेले जे. पी. नगर हे मूलतः राहत्या घरांचे उपनगर आहे. कारखान्यांचे भोंगे येथे वाजत नाहीत आणि मोठ्या पेढ्यांच्या मुख्यालयांची गर्दीही नाही. तरीही देशातील व्यावसायिक दौऱ्यांचे मागील काही वर्षांत काय झाले, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने अशाच एखाद्या उपनगराकडे पाहावे. कारण दौरा कार्यालयातून मंजूर होत असला तरी तो सुरू होतो घराच्या उंबरठ्यावरून.

२०२० पूर्वी येथील अनेक घरांचा दिवस पहाटे साडेतीनला दिवा लागून सुरू होत असे. २००८ साली बंगळुरूचा विमानतळ शहरालगतच्या एच. ए. एल. परिसरातून उत्तरेकडील देवनहळ्ळीस गेला आणि जे. पी. नगरच्या रहिवाशांसाठी ते अंतर चाळीस किलोमीटरांहून अधिक झाले. मुंबईच्या नरिमन पॉइंटवर सकाळी अकराला असलेल्या तासाभराच्या बैठकीसाठी माणूस पहाटे चारला टॅक्सीत बसे आणि रात्री अकराच्या सुमारास घरी परते. त्यातील आकाशातला प्रवास जाऊन-येऊन साडेतीन तासांचा. बाकी सारा दिवस रस्ता, रांग आणि प्रतीक्षा यांच्या नावे खर्ची पडे. टॉमटॉम या संस्थेच्या २०१९ च्या निर्देशांकात बंगळुरू हे जगातील सर्वाधिक वाहतूककोंडीचे शहर ठरले होते, यात स्थानिकांना नवल वाटले नाही.

ही दिनचर्या मार्च २०२० मध्ये एका आठवड्यात थांबली. २२ मार्चपासून प्रवासी रेल्वेगाड्या बंद झाल्या, २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी व त्याच दिवसापासून देशांतर्गत विमानसेवाही स्थगित झाली. देशांतर्गत विमाने २५ मे २०२० रोजी मर्यादित प्रमाणात सुरू झाली. नियमित आंतरराष्ट्रीय सेवेसाठी मात्र २७ मार्च २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली. हवाई प्रवाशांची देशांतर्गत संख्या २०१९ मध्ये सुमारे १४.४ कोटी होती, ती २०२० मध्ये ६.३ कोटींवर आली. बँकांच्या शाखा अत्यावश्यक सेवा म्हणून उघड्या राहिल्या आणि कर्मचारी काउंटरवर हजर राहिले, हे येथे नमूद करणे उचित ठरेल; परंतु ग्राहकाच्या दारी जाणे मात्र थांबले.

दौरे थांबले, व्यवहार थांबले नाहीत. झूम या सेवेवर डिसेंबर २०१९ मध्ये दररोज सुमारे १ कोटी व्यक्ती बैठकांत सहभागी होत असत. मार्च २०२० मध्ये ही संख्या २० कोटींवर पोहोचली. सरकारनेही विलक्षण तत्परता दाखविली. वार्षिक हिशेबांस मंजुरी देण्यासारखे काही विषय संचालक मंडळाने प्रत्यक्ष बैठकीतच हाताळावेत, असे बंधन कंपनी नियमांत होते. ते १९ मार्च २०२० रोजी तात्पुरते शिथिल झाले आणि जून २०२१ मध्ये तो नियमच वगळण्यात आला. भागधारकांच्या वार्षिक सभाही पडद्यावर होऊ लागल्या. ज्या भागधारकाने केवळ पोस्टाने येणाऱ्या अहवालातून कंपनीला पाहिले होते, तो आता सोलापुरात बसून अध्यक्षांना प्रश्न विचारू लागला. सभेनंतरचा अल्पोपाहार तेवढा त्याला मुकला!

त्या काळात अनेकांनी भाकिते केली. बिल गेट्स यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये व्यावसायिक प्रवासापैकी निम्म्याहून अधिक प्रवास कायमचा नाहीसा होईल, असे मत व्यक्त केले होते. तसे घडले नाही. भारतातील देशांतर्गत हवाई प्रवाशांची संख्या २०२३ मध्ये १५.२ कोटी आणि २०२४ मध्ये १६.१ कोटी झाली. अर्थात हे सर्वच प्रवासी व्यवसायासाठी फिरतात असे नाही. पर्यटन, विवाह व तीर्थयात्रा यांचा वाटा त्यात मोठा आहे. परंतु पहाटेच्या टॅक्सी जे. पी. नगरच्या रस्त्यांवर पुन्हा दिसू लागल्या, एवढे खरे. ज्या झूम कंपनीने जगाला घरी बसविले, तिनेच ऑगस्ट २०२३ मध्ये कार्यालयाजवळ राहणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात येण्यास सांगितले, यातील विनोद वाचकांच्या ध्यानी येईलच.

मग बदलले काय? बदलला तो दौऱ्याचा हेतू. पूर्वी दौरा हा नियम होता आणि न जाण्यास कारण द्यावे लागे. आता जाण्यास कारण द्यावे लागते. दरमहा होणाऱ्या आढावा बैठका, संगणकप्रणालीची प्रात्यक्षिके, दरपत्रकावरील चर्चा या सर्वांसाठी पडदा पुरेसा आहे आणि त्यांच्यासाठी पुन्हा विमानाची तिकिटे काढणे हा निव्वळ अपव्यय होय. या बाबतीत जुन्या पद्धतीविषयी हळहळण्याचे कारण नाही. पूर्वीचे कितीतरी दौरे कामापेक्षा प्रतिष्ठेसाठी होत असत, हे प्रवासभत्त्याची बिले तपासणाऱ्या कोणाही अधिकाऱ्यास ठाऊक आहे.

या बदलाचा सर्वाधिक लाभ लहान उद्योजकास झाला, ही बाब पुरेशी चर्चिली गेलेली नाही. कोल्हापूरजवळील शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील ओतकामाचा कारखानदार विचारात घ्यावा. बंगळुरूच्या पीण्या वसाहतीतील यंत्रनिर्मात्याकडून मागणी मिळविण्यासाठी त्याला सहाशे किलोमीटरांहून अधिक रात्रीचा बसप्रवास करावा लागे. बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर अशी गावे झोपेत मागे टाकीत सकाळी शहरात उतरायचे, लॉजवर स्नान उरकायचे आणि नमुन्याची पिशवी सांभाळीत खरेदी अधिकाऱ्याच्या दालनाबाहेर बसायचे. साहेब ऐनवेळी दुसऱ्या बैठकीत अडकले तर तो दिवस व लॉजचे भाडे दोन्ही वाया. मोठ्या पेढीचा प्रतिनिधी विमानाने येई, पंचतारांकित हॉटेलात उतरे आणि त्याच दालनात विनाविलंब प्रवेश मिळवी. पडद्यावर दोघांचीही चौकट सारख्याच आकाराची असते. ठरलेल्या वेळी दोघेही समोर येतात. हे समत्व लहानसहान नव्हे.

वेळेच्या शिस्तीचा विषय निघाला म्हणून सांगावयाचे, तर जे. पी. नगरातच २००४ साली सुरू झालेले ‘रंग शंकरा’ हे नाट्यगृह आहे. शंकर नाग यांच्या स्मरणार्थ ते उभारण्यात मराठी रंगभूमीवरही काम केलेल्या अरुंधती नाग यांचा पुढाकार होता. प्रयोग ठरल्या क्षणी सुरू होतो व उशिरा येणाऱ्यास आत प्रवेश मिळत नाही, ही तेथील ख्याती. भारतीय व्यावसायिक बैठकांना ती शिस्त महामारीपूर्वी कधीच जमली नव्हती. परंतु त्याच नाट्यगृहाच्या उदाहरणातून दुसरी बाजूही दिसते. नाटकाचे चित्रीकरण घरी बसून पाहता येते. तरीही तिकीट काढून, वाहतुकीतून वाट काढून प्रेक्षक तेथे जातात. कॅमेऱ्याने जे दाखविले तेवढेच चित्रीकरणात दिसते. रंगमंचाच्या कोपऱ्यात गप्प उभ्या असलेल्या नटाकडे कधी पाहायचे, हे प्रेक्षागृहात प्रेक्षक स्वतः ठरवितो.

बँकिंग व्यवसायात या कोपऱ्याचे महत्त्व फार आहे. कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर करण्यापूर्वी आणि नंतरही अधिकाऱ्याने कारखान्यास भेट देऊन मालाची पाहणी करावी, असा जुना दंडक आहे. महामारीत अनेक ठिकाणी ही पाहणी भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून झाली आणि त्या परिस्थितीत ते योग्यच होते. कर्जदार कॅमेरा घेऊन गोदामात फिरे, अधिकारी शाखेतून पाही. परंतु कॅमेरा कोठे वळवायचा हे कर्जदाराच्या हाती असे. तयार मालाच्या खोक्यांवर किती दिवसांची धूळ आहे, यंत्राच्या भोवती ताजे तेल सांडले आहे की जुना गंज, कामगारांच्या हजेरीपटावरील संख्या आणि जेवणाच्या सुटीत दिसणारे डबे यांचा मेळ बसतो काय, फाटकावरील रखवालदार बँकेचे नाव ऐकून दचकतो की हसून नमस्कार करतो, या गोष्टी स्टॉक स्टेटमेंटमध्ये नसतात आणि कर्जदाराने धरलेल्या चौकटीतही सहसा येत नाहीत. अनुभवी अधिकारी मालक जे दाखवितो त्यापेक्षा तो ज्या दाराशी थांबत नाही त्या दाराकडे अधिक लक्ष देतो. कर्ज थकीत होण्याची चाहूल अनेकदा आकड्यांच्या आधी याच दाराशी लागते.

याचा दुसरा पैलूही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. संकटात सापडलेला प्रामाणिक उद्योजक आपली अडचण पडद्यावर सांगत नाही. बैठकीत चार चौकटी असतात, कदाचित ध्वनिमुद्रण चालू असते. तेथे तो आकडे वाचून दाखवितो. तोच उद्योजक भेटीनंतर फाटकापर्यंत सोडावयास आला असता, किंवा बंगळुरूतील दर्शिनी उपाहारगृहात ‘बाय-टू’ कॉफीचा अर्धा पेला पुढे करीत असता, मुख्य ग्राहकाने तीन महिने पैसे अडवून ठेवल्याचे बोलून जातो. कर्जाची पुनर्रचना वेळेवर झाली तर कारखाना वाचतो. तीन महिन्यांनी ते कळले तर वसुलीची नोटीसच उरते. त्या अर्ध्या पेल्यात कारखान्यातील साऱ्या कामगारांच्या चुलींचा प्रश्न असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ग्राहकाच्या सान्निध्याचे मोल जाणणाऱ्यांची उदाहरणे याच शहरात आहेत. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९८३ मध्ये आपले बिऱ्हाड बंगळुरूस हलविले. मायको या कंपनीचे काम मिळणे हे त्यामागील प्रमुख कारण सांगितले जाते. ज्या उद्योगाने पुढे जगभरच्या ग्राहकांची कामे दुरून करून देण्याचे तंत्र सिद्ध केले, त्याच्या अग्रणी कंपनीने आरंभी ग्राहकाच्या गावी मुक्काम हलविला होता.

तथापि पडद्यावरील भेट म्हणजे दुय्यम भेट, असा सरसकट निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. रिझर्व्ह बँकेने व्हिडिओद्वारे ग्राहकाची ओळख पटविण्याची प्रक्रिया ९ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या अडीच महिने आधीच, मान्य केली होती. १० मे २०२१ रोजी तिची व्याप्ती वाढवून एकल मालकीच्या पेढ्यांचे मालक व संस्थांचे अधिकृत स्वाक्षरीकर्ते यांनाही ती खुली झाली. ही भेट सैल नाही. समोर बँकेचाच प्रशिक्षित अधिकारी असावा लागतो, ग्राहकाचे ठिकाण नोंदले जाते, पॅनची पडताळणी होते आणि आधी मुद्रित केलेले चित्र दाखविले जाऊ नये म्हणून प्रश्नांचा क्रम बदलता ठेवला जातो. अंथरुणाला खिळलेल्या निवृत्तिवेतनधारकास वा परगावी नोकरी करणाऱ्या मुलीस ही सोय म्हणजे वरदान आहे. मात्र ज्यांना डोळ्यांची उघडझाप करता येत नाही अशा ॲसिड हल्लाग्रस्त व्यक्तींना आणि दृष्टिहीनांना ही प्रक्रिया अडसर ठरत होती. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात ती सर्वांसाठी सुगम करण्याचे निर्देश दिले. यंत्राला पापणी हलताना दिसली नाही तरी समोर माणूस आहे, हे शाखेत बसलेल्या कारकुनाला न्यायालयाने सांगावे लागले नसते.

आणि आता तर पडद्यावरील चेहराच संशयास्पद होऊ लागला आहे. २०२४ च्या आरंभी हाँगकाँगमध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्याने दृक्श्राव्य बैठकीत वरिष्ठ वित्त अधिकारी व सहकारी यांना पाहून, त्यांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठविले. बैठकीतील ते सारे चेहरे संगणकाने बनविलेले होते. भारतात ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली गणवेशातील तोतये व्हिडिओ कॉलवरून वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुबाडू लागले, २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना त्याविषयी सावध करावे लागले. अशा वेळी मुदतठेव मोडण्यास घाईघाईने आलेल्या ज्येष्ठ ग्राहकाचा थरथरता हात पाहून, त्याला क्षणभर बसवून पाणी देणारा व दोन प्रश्न विचारणारा काउंटरवरील कर्मचारी हाच शेवटचा अडसर उरतो.

आणखी एक नुकसान असे आहे की जे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याबरोबर दौऱ्यावर जाणारा नवा अधिकारी परतीच्या प्रवासात शिकत असे. ‘मालकाने तो प्रश्न का टाळला, लक्षात आले का?’ असा संवाद उद्यान एक्स्प्रेसच्या डब्यात किंवा जीपच्या मागील बाकावर होई. पडद्यावरील बैठक संपताच सर्व चौकटी एकाच वेळी विझतात आणि शिकविणाराही दिसेनासा होतो. २०२० ते २०२२ या काळात सेवेत रुजू झालेल्या पिढीला ही शिकवणी फारशी मिळालेली नाही. ती भरून काढण्याची जबाबदारी प्रशिक्षण महाविद्यालयांवर ढकलून चालणार नाही.

म्हणून दौऱ्यांच्या खर्चाला कात्री लावताना सर्व दौरे एकाच मापाने मोजू नयेत. ओळखीतल्या ग्राहकाशी नेहमीचा आढावा, कागदपत्रांची पूर्तता, व्याजदराची चर्चा ही कामे पडद्यावरच व्हावीत आणि त्यासाठी ग्राहकासही शाखेत खेटे घालावयास लावू नये. परंतु नवे कर्ज देताना, मर्यादा वाढविताना, आणि विशेषतः खात्यात पहिला हप्ता चुकतो त्या आठवड्यात, अधिकाऱ्याने जातीने जावे. शक्य तर कनिष्ठ सहकाऱ्यास बरोबर न्यावे. या भेटीचे प्रवासबिल कार्यालयीन खर्चाच्या शीर्षाखाली न टाकता कर्जाच्या देखरेखीचा खर्च म्हणून नोंदविले गेले, तर नियंत्रक कार्यालयाची त्याकडे पाहण्याची दृष्टीही बदलेल. आणि पाहणी अहवालाच्या पहिल्याच पानावर आणखी एक रकाना असावा : भेट प्रत्यक्ष झाली की पडद्यावर, आणि पडद्यावर झाली असल्यास कॅमेरा कोणाच्या हाती होता?