नारळ आणि कोलेस्टेरॉल
मैत्रिणींनो, शेजारच्या भावजींचा रिपोर्ट आला आणि वहिनींनी अंडी, कोळंबी बंद केली. खोबऱ्याचं वाटण मात्र रोजचं! “नारळात कुठे असतं कोलेस्टेरॉल?” हा त्यांचा सवाल.

नसतं, हे खरंच. पण आपल्या शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं. ते लागतंही, पेशींची आवरणं, पित्तरस, ड जीवनसत्त्व त्याशिवाय होत नाहीत. नारळातली चरबी मात्र बरीचशी संपृक्त. ती जास्त झाली की यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं. उरलेलं रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साठतं. म्हणून रिपोर्टात नुसता एकूण आकडा नको, एलडीएल पाहा. एरवी ते १०० च्या आत बरं; हृदयविकार असला तर डॉक्टर ७० च्याही खाली आणायला सांगतात. गोळीने आकडा उतरला म्हणून आपल्या मनाने गोळी थांबवू नये, तो पुन्हा चढतो.

आता रत्नागिरीत राहून नारळ सोडा, असं मी कशी म्हणू? रोजच्या आमटीत मूठभराऐवजी चमचाभर खोबरं घाला. बांगडा तळण्यापेक्षा त्याचं बिनखोबऱ्याचं तिखलं करा. सोलकढीही चालेल, पण नारळाचं दूध न घालता. नुसतं आगळ, पाणी, लसूण नि हिरवी मिरची.