मनाला उपदेश, हाताला काय?

गोदावरीच्या उत्तरेस, आजच्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म तेथे झाला. दासबोधाची वीस दशके, त्यांतील दोनशे समास आणि त्यांच्या जोडीला मनाचे श्लोक हा ठेवा मराठी माणसाने तीन शतकांहून अधिक काळ जपला. आता या ठेव्याला नवे गिऱ्हाईक लाभले आहे. व्यवस्थापनाचे वक्ते आणि व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग चालविणारे दासबोधातील प्रयत्नवाद उचलतात, त्याला मानसशास्त्राची फोडणी देतात आणि कारखान्यापासून महाविद्यालयापर्यंत वाढत सुटतात. त्यांच्या प्रतिपादनाचे सार असे : माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या मनात असते, दृष्टी बदलली की कामाची पूजा होते, आणि जो मागे राहिला तो आपल्याच आळसाने व नकारात्मक विचारांनी मागे राहिला.

तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र आणि मानसशास्त्र ही ग्रंथालयाच्या कपाटातून बाहेर येऊन कामाच्या जागी, घरात आणि लोकव्यवहारात वावरावीत, याला कोणता शहाणा माणूस विरोध करील? विद्या जगण्याला भिडली नाही तर ती पोथी होते. प्रश्न उपयोजनाचा नाही. उपयोजन कोणावर केले जाते आणि कोणाला त्यातून सूट मिळते, हा आहे. मजुराने शिस्त शिकावी, शेतकऱ्याने धीर धरावा, बेकार तरुणाने आत्मविश्वास कमवावा. परंतु मुकादमाने, सावकाराने, कारखानदाराने आणि शासनाने कोणते आत्मपरीक्षण करावे याचा वर्ग कोठे भरत नाही. जे नीतिशास्त्र केवळ खालच्या पायरीवर उभ्या असलेल्यालाच प्रश्न विचारते, ते नीतिशास्त्र नव्हे. ती पहारेकऱ्याची नोकरी आहे.

शिवाय ज्यांच्या नावाने हा व्यापार चालतो त्या रामदासांवरही हा अन्यायच आहे. समर्थांच्या वर्णविषयक विचारांशी समतावाद्यांचे भांडण आहे आणि ते राहील. तथापि त्यांनी आधी प्रपंच नेटका करण्यास सांगितले, समुदाय जमविण्यावर भर दिला, गावोगाव मारुतीची स्थापना करून मठांचे जाळे विणले. एकट्या माणसाला आरशासमोर उभे करून यशाची स्वप्ने पाहावयास लावणे हा त्यांचा मार्ग नव्हता. त्यांच्या उपदेशातून समुदाय वजा केला की उरतो तो फक्त मालकाच्या सोयीचा प्रयत्नवाद.

हा प्रयत्नवाद जालन्याच्या भूमीवर घासून पाहावा. दिवाळी सरली की घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतील तांड्यांतून आणि वस्त्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशोबाच्या वहीत बाईचे स्वतंत्र नावच नाही. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती औषधपाण्यात, लग्नकार्यात, जुन्या देण्यात केव्हाच संपलेली असते. फिटेपर्यंत मोळ्या बांधावयाच्या, आजारी पडल्यास खाडा धरला जावयाचा, आणि हंगाम संपला तरी पुष्कळदा फिरती बाकी पुढल्या साली ओढावयाची. पहाटेच्या काळोखात फडात उतरणाऱ्या या बाईला वेळेच्या नियोजनाचे कोणते सूत्र सांगणार? तिच्यात प्रयत्नाची उणीव आहे असे कोण म्हणेल? प्रयत्नाने भाग्य उजळत असते तर महाराष्ट्रातील सर्वांत संपन्न वर्ग ऊसतोड कामगारांचा असता.

मग शेतकऱ्याकडे वळावे. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या आठवणीत कोरला गेला आहे. २०१२-१३ च्या अवर्षणात जालन्याच्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळून सरपण झाल्या. वर्षानुवर्षे लेकरासारखे वाढविलेले झाड कुऱ्हाडीने तोडणाऱ्याच्या मनात काय घडते, हा मानसशास्त्राचा खराच प्रश्न आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. जालना त्यांपैकी एक. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन विचारपूस करावी, नैराश्याची लक्षणे दिसतील त्याला समुपदेशन व उपचार मिळावेत, अशी ही योजना. तिची थट्टा करणे क्रूरपणाचे होईल. गळफासापर्यंत पोहोचलेला एक हात जरी कोणाच्या शब्दाने मागे फिरला तरी ती योजना सार्थकी लागली.

पण त्याच योजनेत या व्यवस्थेचे मर्म उघडे पडते. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसून ‘झोप लागते का, जगावेसे वाटते का’ अशी विचारपूस करणारी ही आशा कोण? शासनाच्या लेखी ती कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका. तिला पगार नाही, मोबदला आहे. त्याच मोबदल्याच्या वाढीसाठी २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यभरातील आशांना संपावर जावे लागले. जी स्वतः कामगार म्हणून मोजली जात नाही, तिने इतरांना जगण्याचा अर्थ सांगावा! आणि तिने नोंदविलेल्या उत्तरांत कर्ज, पडलेला भाव आणि नाकारलेला पीकविमा असेल, तर त्या कारणांवरील गोळी कोणत्या दवाखान्यात मिळते? एमिल द्युर्खेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ सालीच दाखवून दिले होते की, अत्यंत खाजगी वाटणाऱ्या आत्महत्येच्या कृत्यालाही समाजरचनेची कारणे असतात. सव्वाशे वर्षांनंतरही ते दुःख शेतकऱ्याच्या कवटीत कोंबून बाहेरून कुलूप लावण्याचा खटाटोप चालूच आहे.

काम आणि मन यांचे नाते खरोखर समजून घ्यावयाचे असेल तर ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावाची हकीकत ध्यानी घ्यावी. तेथील कापडगिरणी बंद पडून जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी त्या गावाचा अभ्यास करून १९३३ साली तो प्रसिद्ध केला. रिकामा वेळ भरपूर होता, वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती. तरीही लोकांनी नेलेल्या पुस्तकांची संख्या घटली. पुरुषांची चाल मंदावली, दिवसाला आकार उरला नाही. म्हणजे मन खचले म्हणून काम गेले नव्हते. काम गेले म्हणून मन खचले होते. कारण आणि कार्य यांची ही अदलाबदल ओळखण्यासाठी विद्वत्ता लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो.

आणि परदेशापर्यंत जाण्याचीही गरज नाही. नीतिशास्त्राचे उपयोजन कसे असते याचा धडा महाराष्ट्रानेच घालून दिला आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे केलेला प्रयोग, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लक्षावधी हातांचा अनुभव आणि त्यामागचा लोकलढ्यांचा रेटा यांतून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्याचा खर्च भागविण्यासाठी शहरांतील पगारदारांवर व्यवसायकर बसला. ‘माणसाचे मोल कामात आहे’ हे तत्त्व व्यासपीठावरून सांगणे सोपे. ‘मागेल त्याला काम देणे राज्याला बंधनकारक आहे’ असे कलम लिहिणे, हे त्याचे खरे उपयोजन. कामाचा हक्क बजावून हजेरीपटावर नाव चढविणाऱ्या मजूर स्त्रीचा जो व्यक्तिमत्त्व विकास झाला, तो कोणत्याही वातानुकूलित सभागृहात झालेला नाही. या हमीची अंमलबजावणी पुढे ढिली पडली, मजुरी थकली, कामे कागदावर राहिली. हा दोष तत्त्वाचा नव्हे, नियतीचाही नव्हे, नियतचा आहे.

येथे परिवर्तनवाद्यांनाही एक हिशोब चुकता करावा लागेल. अर्थव्यवस्था बदलली की मन आपोआप बदलेल, या समजुतीवर त्यांनी फार काळ विसंबून राहिल्याने मनाचा प्रांत मोकळा पडला आणि तेथे बुवांनी व वक्त्यांनी तंबू ठोकले. मजुरी वाढली म्हणून दारू सुटत नाही. जमीन मिळाली म्हणून हुंड्याचा हव्यास जात नाही. एकाच पट्टीवर घाम गाळणारे दोघे संध्याकाळी एका माठातून पाणी पितातच असे नाही. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली बजावले होते. ती विभागणी पोटात जितकी आहे तितकीच मनात आहे. तेव्हा मनाचे शिक्षण हवेच. पण ते माणसाला त्याच्या दुःखाचे कारण दाखविणारे हवे, कारणावर पांघरूण घालणारे नको. माणसाला शेजाऱ्याशी जोडणारे हवे, शेजाऱ्याच्या पुढे धावण्याची शर्यत शिकविणारे नको.

जालना सोने का पालना, अशी म्हण या शहराबद्दल पूर्वापार आहे. आज तेथे भंगार वितळवून लोखंडी सळया घडविणाऱ्या भट्ट्या धगधगतात, देशभर जाणारे बियाणे तेथून निघते. पाळणा सोन्याचा आहे, यात शंका नाही. तो हलविणाऱ्या हातांना काय मिळते, एवढेच विचारावयाचे आहे. भट्टीवरच्या कंत्राटी मजुराला सुरक्षेची साधने आणि भविष्यनिर्वाह निधी, ऊसतोड बाईला स्वतःच्या नावाचा लेखी करार, आशेला कर्मचाऱ्याचा दर्जा, शेतकऱ्याला समुपदेशनाच्या जोडीने कर्जाचा आणि विम्याचा निवाडा : एवढे पदरात टाकून मग खुशाल मनावर प्रवचन करावे. तोवर जांबच्या मातीत जन्मलेल्या पुरुषाच्या नावाने उपाशी माणसाला आळसाची व्याख्या ऐकविण्याचा अधिकार कोणालाही नाही.