हौसेची चाकं

आमच्या हायब्रिड गाडीची 17 इंची चाकं काढून चिरंजीवांनी 18 इंची, रुंद टायरची बसवली. रोजच्याच दादर-बोरिवली फेरीला लिटरमागे 22 किलोमीटर देणारी गाडी 19वर आली. जड चाक हलवायला जोर लागतो, रुंद टायर रस्त्याला जास्त अडतो. कबुतरखान्यापासून टिळक पुलापर्यंत शंभरदा थांबायचं. ब्रेक दाबल्यावर बॅटरीत परत येतं ते थोडंच.

टायर झिजला तर जरूर बदला, पण मूळ मापाचाच. आपण पाणी गाळून पिणाऱ्या. निव्वळ दिखाव्यासाठी पेट्रोल जाळणं मला तरी अनर्थदंडच वाटतो. जुनी चाकं परत बसवायला लावली. चिरंजीव अजून रुसलेत, पण पर्युषणाआधी बोलतील!