गेलेली पत परत कशी आणायची?

२०२३ सालच्या जून महिन्यातली गोष्ट आहे. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला घालत होतो. इथल्याच, देवळाली कॅम्पातल्या एक ताई मुलीला घेऊन बाजूला उभ्या होत्या. "दादा, जरा बोलायचं होतं," म्हणाल्या. मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास झालेली, नर्सिंगला प्रवेश ठरलेला. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत अर्ज केला, तर साहेबांनी संगणकात पाहून कागद परत दिले. कारण एका ओळीचे : वडिलांचे सिबिल खराब आहे.

"सिबिल म्हणजे काय हो दादा? आम्ही तर कुणाचे पैसे बुडवले नाहीत," असे म्हणताना त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी होते.

सायंकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. घरधनी टेम्पो चालवतात. २०१९ साली त्यांनी फ्रिज आणि मोबाईल हप्त्याने घेतला होता. २०२० च्या टाळेबंदीत टेम्पो जागेवर उभा राहिला आणि हप्ते थकले. वसुलीची माणसे दारात येऊन चारचौघांत बोलू लागली. पुढे २०२१ मध्ये कंपनीने फोन केला की, अठरा हजार बाकी आहे, नऊ हजार भरा आणि विषय संपवा. यांनी उसनवारी करून नऊ हजार भरले. कंपनीचा कागद आला तो पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला. त्या कागदावर 'सेटल्ड' असा शब्द होता.

आपल्याकडे पोरगा सेटल झाला म्हणजे मार्गी लागला. बँकेच्या भाषेत मात्र कर्ज 'सेटल्ड' झाले म्हणजे या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, तडजोड करून सुटला. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ. त्या दोन अर्थांच्या मधे एका मुलीचे शिक्षण अडकले होते.

वाचक बंधू-भगिनींनो, असे अडकलेले घर एकच नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आपण कोणत्याही बँकेचे, फायनान्स कंपनीचे, अगदी बायकांच्या गटाचे मायक्रोफायनान्सचे कर्ज घेतो, तेव्हा त्याची माहिती पतमाहिती कंपन्यांकडे जाते. अशा चार कंपन्या आपल्या देशात आहेत : सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. सिबिल मुंबईत २००० साली स्थापन झाली. ती पहिली, म्हणून लोक सगळ्यालाच सिबिल म्हणतात. २००५ साली त्यासाठी कायदा झाला आणि रिझर्व्ह बँक या कंपन्यांवर देखरेख ठेवते. कोणत्या महिन्याचा हप्ता किती दिवस उशिरा आला, याचा मागच्या ३६ महिन्यांचा तक्ता त्या अहवालात दिसतो. त्यावरून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान गुण देतात. साधारण ७५० च्या पुढे गुण असले की बँका आपणहून खुर्ची देतात. सहाशेच्या खाली गेले की दार लागते.

ही गोष्ट वाईट की चांगली? आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात पत जातीवरून ठरत असे. सावकाराच्या ओसरीखाली उभे राहून अंगठा द्यायचा, वहीत काय लिहिले ते वाचता येत नसे आणि फेडले तरी नाव खोडले जाईल याची खात्री नसे. आजच्या अहवालात जातीचा रकाना नाही, धर्माचाही नाही. ठरल्या तारखेला पैसे दिले का, एवढेच तो विचारतो. मात्र त्याला दयामायाही नाही. टाळेबंदीत टेम्पो का उभा होता, हे तो विचारत नाही. पण ही वही आपल्याला वाचता येते आणि त्यात चूक असेल तर दुरुस्त करून मागता येते. जी वही वाचता येते तिला घाबरायचे कशाला? शिका हा बाबासाहेबांचा आदेश शाळेपुरता नाही. ज्या महामानवाने १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध प्रसिद्ध केला, त्याच्या अनुयायांना स्वतःचा पैशाचा कागद वाचता येऊ नये, हे बरे दिसत नाही.

तर त्या घरी आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो.

पहिले काम अहवाल काढण्याचे. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पॅन क्रमांक टाकून मुलीने मोबाईलवरच तो काढला. आपला अहवाल आपणच पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. ही भीती मनातून काढून टाका.

दुसरे काम तो ओळ न् ओळ वाचण्याचे. वाचता वाचता एक दुचाकीचे थकलेले कर्ज दिसले. या गृहस्थांनी दुचाकी कधी घेतलीच नव्हती. त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचे ते यांच्या खात्यावर चढले होते. आपल्याकडे एकाच नाव-आडनावाची माणसे वस्तीत चार सापडतात, तेव्हा असे होऊ शकते. आम्ही तक्रार नोंदवली. तिला पैसे पडत नाहीत. ते कर्ज महिन्याभरात अहवालातून निघाले. तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागला पाहिजे. २६ एप्रिल २०२४ पासून तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम झाला आहे. बँक किंवा कंपनी दाद देत नसेल, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी, तीस दिवस थांबावे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. वकील लागत नाही.

तिसरे काम खरे देणे फेडण्याचे. चुकीची नोंद निघते, खरी निघत नाही. कर्जाची माहिती निदान सात वर्षे ठेवली जाते. आम्ही कंपनीला पत्र लिहून उरलेल्या रकमेचा हिशेब मागितला. तो सहा महिन्यांत, थोडे थोडे करून भरला. 'काही बाकी नाही' असा दाखला घेतला आणि 'सेटल्ड' जाऊन खाते 'बंद' अशी नोंद करून घेतली. उशिराचे महिने तक्त्यात राहिलेच, पण तडजोडीचा शिक्का गेला.

इथे एक इशारा देतो. "पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणारे एजंट नाशिकरोडपासून भगूरपर्यंत फिरतात. खरी नोंद पुसण्याची ताकद कुणातही नाही. चुकीची नोंद दुरुस्त करणे फुकट आहे. मग ते पाच हजार कशाचे? नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात, पत मात्र कुठल्याच प्रेसमध्ये छापून मिळत नाही.

चौथे काम नव्याने पत उभी करण्याचे आणि इथे क्रेडिट कार्ड येते. कार्ड म्हटले की आमच्याच कपाळाला आठ्या पडत. परंतु देणे फेडून गप्प बसले तर तक्त्यात नवे चांगले महिने येत नाहीत. चांगले महिने यायला छोटे का होईना कर्ज घ्यावे लागते आणि पत गेलेल्याला कर्ज कुणी देत नाही. त्यावर उपाय म्हणजे मुदत ठेवीवरचे कार्ड. आपण बँकेत ठेव ठेवायची, बँक ती तारण धरते आणि ठेवीच्या काही टक्के मर्यादेचे कार्ड देते. ठेव हातात असल्याने जुन्या गुणांची बँकेला फारशी चिंता नसते. ठेवीवर व्याज चालूच राहते. ताईंनी भिशीचे पंधरा हजार ठेवले, नवऱ्याच्या नावाने बारा हजार मर्यादेचे कार्ड मिळाले.

कार्ड आले त्या दिवशी आम्ही त्या घरात चार नियम वहीत लिहून दिले.

एक, कार्डावर फक्त तेच घ्यायचे जे कार्ड नसते तरी रोखीने घेतलेच असते. त्यांनी गॅसचे सिलिंडर आणि विजेचे बिल एवढेच ठरवले. दोन, मर्यादेच्या तीस टक्क्यांपुढे जायचे नाही. बारा हजारांच्या कार्डावर म्हणजे छत्तीसशे रुपये. सतत पूर्ण मर्यादा वापरणारा माणूस तंगीत आहे असे धरले जाते आणि गुण घसरतात. तीन, बिल आले की पूर्ण भरायचे, तेही शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी. चार, कार्डाने एटीएममधून रोख काढायची नाही, कारण रोखीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

तिसरा नियम मोडला तर काय होते, त्याचा हिशेब करून पाहू. बिलावर 'किमान देय रक्कम' असा एक गोड शब्द असतो. समजा, दहा हजार बाकी आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. एका महिन्याचे व्याज ३५० रुपये, त्यावर अठरा टक्के कर ६३ रुपये. आपण पाचशे भरले, तर त्यातले ४१३ व्याज आणि करातच गेले. मूळ बाकी कमी झाली फक्त ८७ रुपयांनी. वर्षाला बेचाळीस टक्के व्याज घेणाऱ्याला आपले आजोबा काय म्हणत असत, ते वाचकांना सांगायला नको. तेव्हा ज्या घरात महिन्याचे वीजबिलच वेळेवर भरणे होत नाही, त्या घराने कार्ड घेऊ नये. हप्ते चुकले तर बँक ठेव वळती करून घेते आणि नाव पुन्हा खराब होते ते वेगळेच. एकदम चार बँकांत अर्जही करू नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी म्हणून नोंद होते आणि हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे असे दिसते.

आता थोडे आमच्याविषयी. कचेरीतल्या एका सहकाऱ्याला आम्ही जामीन राहिलो होतो. "नुसती सही तर करायची आहे," असे त्यांनी सांगितले आणि आम्ही केली. त्यांचे हप्ते थकले तेव्हा आमच्याच अहवालात ते कर्ज दिसू लागले. लोकांना हिशेब शिकवणारे आम्ही, स्वतःच्या सहीचा हिशेब चुकलो. जामीनदाराची सही ही कर्जदाराचीच सही असते, हे आम्ही पैसे भरून शिकलो. आपण तरी वाचून शिका. समाजबांधवाला मदत जरूर करावी, पण त्याचे कर्ज फेडण्याची आपली ऐपत आणि तयारी असेल तरच सही करावी.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत कुणाचे ऋण नसणे हे एक सुख आहे. सिगालाला केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा. कुणी विचारील, मग कार्डाचा खटाटोप कशाला? आमचे उत्तर असे की, हे कार्ड उपभोगासाठी नव्हेच. मुलांचे शिक्षण, लहानसा धंदा, डोक्यावर छप्पर यांसाठी बँकेचे दार उघडावे म्हणून ते आहे. महात्मा फुले महामंडळाच्या बीज भांडवल योजनेतही मोठा वाटा बँकेचाच असतो. योजना आपल्यासाठी आणि अर्ज सिबिलवर अडला, असे होऊ नये. ज्यांनी आजवर कर्जच घेतले नाही त्यांनी मात्र घाबरू नये. केवळ जुनी नोंद नाही एवढ्या कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले? पहिल्या वर्षाची फी आईच्या कानातल्यांतून गेली, दुसऱ्या वर्षाची मामाने भरली. तोवर कार्डाची बिले महिन्यामागून महिना वेळेवर जात होती. तारीख घरात कुणी विसरू नये म्हणून धाकट्याने ती दिनदर्शिकेवर निळ्या पेनाने गोल करून ठेवली होती. वडिलांचे गुण सहाशेच्या खाली होते, ते २०२५ च्या उन्हाळ्यात सातशेच्या वर गेले. तिसऱ्या वर्षाच्या फीचे कर्ज दुसऱ्या एका बँकेने मंजूर केले. सगळ्यांचेच इतके जमेल असे आम्ही म्हणत नाही. काहींना जास्त वेळ लागेल. आणि दोन वर्षांपूर्वी हे माहीत असते, तर ती कानातली आज ताईंच्या कानात असती, हेही खरे आहे.

म्हणून एक विनंती. येत्या रविवारी वंदनेनंतर प्रत्येक विहारात एखाद्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने पाच घरांचे अहवाल काढून द्यावेत आणि सोबत बसून वाचावेत. मात्र अहवाल ज्याचा त्याच्याच मोबाईलवर काढावा आणि ओटीपी, पॅनची नक्कल कुणाकडेही ठेवू नये. घरातल्या मुलीचा प्रवेश ठरण्याच्या आधी ही वही उघडलेली बरी.

जयभीम! नमो बुद्धाय!