अज्ञात माता

दिवाळीच्या तोंडावर खानदेशात कापूस वेचणीला आलेला असतो. पहाटे बायका शेताकडे निघतात आणि एखाद्या वर्षी नाल्याच्या काठी फडक्यात गुंडाळलेलं अर्भक त्यांच्याच नजरेस पडतं. दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी येते : ‘अज्ञात मातेविरुद्ध गुन्हा दाखल’. ‘अज्ञात पित्याविरुद्ध’ का नाही, हे आपण विचारत नाही. खरं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 93 मध्ये 12 वर्षांखालचं मूल टाकून देणारा ‘बाप किंवा आई’ असे दोघंही आहेत, शिक्षाही दोघांना सारखीच, 7 वर्षांपर्यंत. बातमीत येईपर्यंत बाप गळून पडतो.

तो फार पूर्वीपासून गळतो आहे. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला पोटचं मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे त्यावर संतापल्या आणि 1882 मध्ये त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आलं. सुरत आणि बुलढाणा यांच्या मधोमध आपला खानदेश आहे.

त्याच्याही आधी, 1863 साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. विधवेने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल सोबत न्यावं किंवा तिथेच ठेवावं. असाच एका विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत त्यांनी 1874 मध्ये दत्तक घेतला. बाईच्या हातून होणारा गुन्हा कसा रोखावा, यावर माझ्या वाचनात याहून शहाणा उपाय आलेला नाही, कारण तो नवव्या महिन्याच्या आत तिच्यापर्यंत पोहोचत होता.

काही वर्षांपूर्वी एका दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी होत्या. पोरगी अठराच्या आतबाहेरची, ऊसतोडीहून परतलेली, पोटावर ओढणी आवळून बांधलेली. माय पुटपुटत होती, ‘‘गावमा बोंब व्हई जाई.’’ खिडकीतून मोठ्याने प्रश्न आला, ‘‘नवऱ्याचं नाव?’’ रांगेतली सगळी डोकी वळली. दोघी तशाच मागे फिरल्या.

ती पोरगी उद्या ‘अज्ञात माता’ झाली, तर गुन्हा नेमका कुठे सुरू झाला म्हणायचा? मी तरी त्या खिडकीपाशीच बोट ठेवीन.

आज तर कायदाही तिच्या बाजूने बराच पुढे आला आहे. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही 24 आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपाताची वाट मोकळी केली. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे मूल सांभाळणं शक्यच नसेल, तर ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवता येतं, आणि मन बदललं तर फेरविचाराला 2 महिने मिळतात. वकिलाची गरज पडलीच, तर बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पण चोपड्याच्या, साक्रीच्या पाड्यावर हे कोणी जाऊन सांगितलं आहे? आशाताईंना आपण लसीकरणाचे आकडे विचारतो. या समितीचा पत्ता त्यांच्या पिशवीत कधी दिला का?

दिवाळी झाली की चाळीसगावकडून ऊसतोडीच्या गाड्या पुन्हा निघतील. यंदा अंकाचं मलपृष्ठ आम्ही जाहिरातीला दिलेलं नाही. तिथे जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या बालकल्याण समित्यांचे पत्ते आहेत आणि 1098 हा क्रमांक मोठ्या टायपात छापला आहे. पान कापून घ्या, गाड्या जिथून सुटतात त्या चौकात चिकटवा.