मेंदूज्वरातून वाचलेल्यांचे पुढे काय?

तिरोडा : मृगाचा पाऊस स्थिरावला, की तिरोडा तालुक्यातील बांध्यांमध्ये पाणी साचते आणि धानाच्या रोवणीला वेग येतो. बोदलकसा, चोरखमारा यांसारखे जलाशय आणि गावोगावचे मामा तलाव ही पूर्व विदर्भाची खरी संपत्ती होय. मात्र पाण्याने भरलेली हीच बांधी क्युलेक्स जातीच्या डासांनाही मानवते. बगळ्यांसारखे पाणपक्षी आणि डुकरे यांच्या शरीरात वाढणारा जपानी मेंदूज्वराचा विषाणू या डासांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो. त्यामुळे गोंदिया-भंडारा हा धानपट्टा राज्यातील मेंदूज्वराच्या जोखमीच्या क्षेत्रात गणला जातो.

अशा साथीच्या बातमीत दोन आकडे हमखास असतात. रुग्ण किती आणि मृत्यू किती? तिसरा आकडा सहसा विचारलाच जात नाही. तो म्हणजे, जे वाचले त्यांच्यापैकी किती जण पूर्वीसारखे झाले?

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे २५० जणांपैकी एकालाच गंभीर आजार होतो. मात्र प्रत्यक्ष मेंदूदाह झालेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावतात आणि वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्के रुग्णांमध्ये चेतासंस्थेचे, बुद्धीचे किंवा वर्तनाचे कायमचे दोष राहतात. झटके येणे, वाचा जाणे, लकवा हे दोष डोळ्यांना दिसतात. विसराळूपणा, चिडखोरपणा, एकाग्रता न होणे, उदासी हे दिसत नाहीत. ते फक्त घरच्यांना आणि शाळेतील गुरुजींना जाणवतात.

नागपूर विभागाचा अनुभव

मेंदूवर घाला घालणारा दुसरा विषाणू तर या भूमीचेच नाव घेऊन वावरतो. १९६५ मध्ये नागपूर परिसरातील तापाच्या साथीत रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा करण्यात आला आणि चांदीपुरा गावावरून त्याचे नामकरण झाले. त्या वेळी तो साध्या तापाचा विषाणू समजला गेला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याने खरे रूप दाखविले. तेथे मेंदूदाहाच्या ३२९ बालरुग्णांपैकी १८३ मुले मृत्युमुखी पडली.

२००७ मध्ये गोंदिया जिल्हा ज्यात मोडतो त्या नागपूर विभागात मेंदूदाहाच्या ७८ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ३९ रुग्णांमध्ये चांदीपुरा विषाणूचे निदान पक्के झाले आणि एकूण रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ४३.६ टक्के होते. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरात व परिसरात पुन्हा साथ पसरली. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात मेंदूदाहाचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ रुग्णांना चांदीपुराची लागण झाल्याचे सिद्ध झाले. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांत राहणारी वालुमाशी हा विषाणू पसरविते. त्यावर आजही खास औषध वा प्रचलित लस नाही.

विषाणू मेंदूत काय करतो?

रक्तातील घातक घटक मेंदूत शिरू नयेत यासाठी निसर्गाने रक्तवाहिन्यांच्या आवरणाची एक तटबंदी उभारली आहे. काही विषाणू ती भेदतात, तर काही मज्जातंतूंच्या वाटेने आत शिरतात. पुढची हानी दोन प्रकारे होते. विषाणू पेशी मारतो आणि त्याला रोखण्यासाठी उसळलेली प्रतिकारशक्ती सूज आणून निरोगी पेशींनाही इजा करते. कोणता भाग दुखावला यावर परिणाम ठरतात. जपानी मेंदूज्वर मेंदूच्या खोलवरच्या केंद्रांना इजा करतो. त्यामुळे कंप आणि हालचालींतील ताठरपणा उद्भवतो. नागीण कुळातील हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू कानशिलामागील भागावर आघात करतो. स्मृती आणि भावना यांचे व्यवहार तेथेच चालत असल्याने माणसाचा स्वभावच पालटल्यासारखा वाटतो. या आजारावर असायक्लोव्हिर हे औषध आहे. पण ते वेळेत मिळाले तरच उपयोगी पडते.

येथेच मानसिक आरोग्याचा प्रश्न जीवन-मरणाचा होतो. तापासोबत अचानक बरळणे, माणसे न ओळखणे, विचित्र वागणे किंवा झटके येणे ही मेंदूदाहाची पहिली लक्षणे असू शकतात. त्याला बाहेरची बाधा समजून रुग्णाला मांत्रिकाकडे नेल्यास उपचाराचे मोलाचे तास हातचे जातात. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण वा छळ करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. परंतु केवळ कायद्याने काम भागत नाही. ताप आणि बदललेले वर्तन एकत्र दिसताच दवाखाना गाठावा, हा एक निरोप घरोघरी पोहोचणे अधिक गरजेचे आहे.

कोविडने दिलेला धडा

विषाणू आणि मन यांचे नाते शहरी वाचकाला कळले ते कोविडच्या काळात. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये कोविड झालेल्या २ लाख ३६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सहा महिन्यांत सुमारे ३४ टक्के रुग्णांमध्ये मेंदूविकाराचे वा मनोविकाराचे निदान झालेले आढळले. त्यांपैकी सर्वांचा आजार नवा नव्हता. असे निदान आयुष्यात प्रथमच झालेल्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. हा फरक महत्त्वाचा आहे. प्रत्येक नैराश्यामागे विषाणू शोधणे जितके चूक, तितकेच संसर्गानंतर आलेल्या उदासीला मनाचा कमकुवतपणा म्हणून झटकून टाकणेही चूक ठरते.

यंत्रणा आहे, साखळी नाही

उपाय शोधण्यासाठी नव्या योजनांची आवश्यकता आहे असे नाही. जपानी मेंदूज्वरावर लस आहे. जोखमीच्या जिल्ह्यांत ती नियमित लसीकरणात नवव्या महिन्यात आणि पुढे सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी होते. १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबविला जात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना मान्यता दिली. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

उणीव आहे ती या सर्वांना जोडणाऱ्या दुव्याची. मेंदूज्वराचा रुग्ण घरी परतला, की साथरोग विभागाच्या दृष्टीने तो बरा झालेला असतो. मानसिक आरोग्य विभागाच्या दृष्टीने तो अद्याप रुग्णच झालेला नसतो. शाळेत तो मंद ठरतो, घरात हट्टी. तिरोड्याहून प्रादेशिक मनोरुग्णालयाचे नागपूर सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला तिकडची प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी. त्यात मनोरुग्णालयाचे नाव काढताच जडणारा कलंक वेगळाच.

म्हणूनच घरी पाठविताना दिल्या जाणाऱ्या कागदावर पुढील तपासणीची तारीख असावी. तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आशा कार्यकर्तीने झटके, बोलणे, झोप, वागणूक आणि अभ्यास यांबाबत पाच साधे प्रश्न विचारावेत आणि शंका आल्यास मुलाला तालुक्याच्या ठिकाणीच तज्ज्ञांना दाखविता यावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती नोंदवहीत एका नव्या रकान्याची आणि तो भरला जातो की नाही हे पाहणाऱ्या अधिकाऱ्याची.

साथ ओसरल्याचे सरकारी कागद जाहीर करतात, तेव्हा काही घरांत खरी परीक्षा नुकतीच सुरू झालेली असते. मृत्यूचा आकडा खाली आणणे हे आरोग्य यंत्रणेचे पहिले कर्तव्य आहे. वाचलेले मूल पुन्हा शाळेच्या बाकावर रमले की नाही हे पाहणे, हे दुसरे कर्तव्य. त्याचा हिशेब अजून कोणी मागितलेला नाही.