तारीख, वेळ आणि आवर्तन

कालव्याला पाणी सुटले की श्रीरामपुरात ते लगेच सगळ्यांना कळते. शहराचे साठवण तलाव भरतात, उसाची भरणी सुरू होते, आणि भंडारदऱ्यात किती दशलक्ष घनफूट उरले याची चर्चा टपरीवर रंगते. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्यातल्या पाण्याचा हिशेब पाटबंधारे खाते रोज ठेवते, वर्तमानपत्रे तो छापतात. त्याच पाण्यातल्या जीवांचा हिशेब आपण, म्हणजे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि पर्यावरण शिकवणारी मंडळी, सलग किती वर्षे ठेवला?

उत्तर आपल्या कपाटांत आहे. प्रबंधासाठी चोवीस महिने नमुने, भौतिक-रासायनिक गुणधर्मांचे तक्ते, प्लवकांची यादी. पदवी मिळाली की जाळी खुंटीला. २०१८ मध्ये आपल्याकडे दुष्काळ होता, २०१९ मध्ये परतीच्या पावसाने उभी पिके नेली. कोणी नेमकी हीच दोन वर्षे मोजली असतील, तर दिसलेला फरक तळ्यातल्या बदलाचा की नुसत्या पावसाचा, हे तो कशाच्या आधारे सांगणार?

मिखाईल कोझोव्ह यांनी १९४५ साली सायबेरियातल्या बैकल सरोवरावर दर सात-दहा दिवसांनी नमुने घ्यायला सुरुवात केली. पुढे मुलगी ओल्गा यांनी आणि नंतर नात ल्युबोव्ह इझमेस्त्येवा यांनी ते काम चालू ठेवले. सोव्हिएत राज्य गेले, नोंदी थांबल्या नाहीत. २००८ मध्ये त्या नोंदींवरून जगाला कळले की १९४६ पासून पृष्ठभागाचे पाणी १.२१ अंश सेल्सिअसने तापले आहे. एवढा फरक आपल्या तळ्यात सकाळ-दुपारमध्येही पडतो. त्याचा अर्थ लावायला साठ वर्षांच्या वह्या लागल्या.

कालव्यावरच्या तळ्याचा ऋतू पंचांगापेक्षा आवर्तनावर ठरतो. नवे पाणी आले की तळे गढुळते, प्लवक विरळ होतात. पुढचे आवर्तन लांबले की पाणी उतरते, तापते, हिरवे होत जाते. आमच्याकडे येणाऱ्या लेखांत महिना असतो, आवर्तनाची तारीख क्वचितच. वेळेचेही तेच. शेवाळ दाट असलेल्या तळ्यात विरघळलेला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो आणि दुपारी चढतो. जानेवारीचा नमुना सकाळी सातचा आणि मेचा दुपारी दोनचा असेल, तर ते दोन आकडे एका रकान्यात बसवणे चूकच आहे.

साधने महाग नाहीत. वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेकी चकती दोरीने खाली सोडायची. दिसेनाशी झाली तिथे दोरीला चिमटा लावायचा, वर ओढताना पुन्हा दिसली तिथे दुसरा. दोन्ही खोलींची सरासरी लिहायची. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे नीट करतो. जागा तीच हवी, वेळ तीच हवी. पद्धत बदलावीच लागली तर वर्षभर जुनी आणि नवी दोन्ही सोबत चालवावीत.

प्रत्येक महाविद्यालयाने जवळचे एकच तळे घ्यावे. वही विभागाच्या मालकीची असावी, आणि बदली होऊन जाणाऱ्या प्राध्यापकाने ती पुढच्याकडे सहीनिशी सोपवावी. ज्यांच्याकडे जुन्या वह्या आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्यांच्या प्रती आमच्याकडे पाठवा. निष्कर्ष नसले तरी चालतील. तारीख, वेळ आणि जागा मात्र लिहिलेली असावी. असे तक्ते आम्ही पुढील अंकापासून जसेच्या तसे छापणार आहोत.